संग्रहालयातील व्याख्यान आधी ऐकावे की प्रदर्शन आधी पाहावे?

प्रश्न – वाचनालय_वाई

नमस्कार. आमच्या वाचनालयाचा एक अभ्यासगट आहे. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, तसेच महाविद्यालयात शिकणारी मुलेही आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील एखाद्या जाहीर व्याख्यानाला जोडून सहल काढावी, असा विचार आहे. यापूर्वी दुसऱ्या एका संग्रहालयात गेलो असता व्याख्यान ऐकून दालनांत शिरलेली मंडळी वक्त्याने उल्लेखलेल्या वस्तूच शोधत राहिली आणि बाकीचे सारे नजरेआड झाले. शिवाय चित्रांच्या दालनात उजेड इतका मंद होता की वडीलधाऱ्यांना माहितीफलकही वाचता आले नाहीत. क्रम कसा ठेवावा? आणि अशा दालनांत उजेड कमी का ठेवतात?

उत्तर १ – पाषाणरेखा

माझे मत स्पष्ट आहे: आधी पाहावे, आणि तेही थोडेच, पण निवांत पाहावे. आपण ज्या संग्रहालयात जाणार आहात, तिथे परळच्या शिवशिल्पाचा प्लास्टरमध्ये घेतलेला ठसा आहे. मूळ शिल्प १९३१ मध्ये रस्त्याचे काम सुरू असताना सापडले; ते परळच्या बारादेवी मंदिरात असून आजही त्याची पूजा होते. उंची सुमारे तीन मीटर, काळ साधारण पाचवे-सहावे शतक. मधोमध एक शिवमूर्ती उभी आहे, तिच्या मागून दुसरी वर आली आहे, दुसरीच्या मागून तिसरी. आणि या उभ्या रांगेतून दोन्ही बाजूंना दोन-दोन मूर्ती अशा बाहेर झेपावतात की दगड आतून फुलत चालला आहे असे वाटते. पायथ्याशी वाद्ये वाजवणारे गण आहेत. आपल्या मंडळींना कसलीही माहिती न देता या शिल्पासमोर पंधरा मिनिटे उभे करा आणि आकृती किती, कोणती कुठून निघते, हात कुठे जातात, एवढेच टिपायला सांगा. त्यानंतर शैव मूर्तिकलेवरचे व्याख्यान ऐकताना प्रत्येकाकडे स्वतःचे प्रश्न असतील, आणि वक्त्याचे म्हणणे पटते की नाही हेही ताडून पाहता येईल.

उत्तर २ – कागद_आणि_रंग

शिल्पांच्या बाबतीत वरील मत मला मान्य आहे, मात्र लघुचित्रे आणि हस्तलिखिते यांना तो नियम लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आधी उजेडाविषयी. प्रकाशाने कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि वनस्पतिजन्य रंग उडतात. ही हानी साचत जाते आणि ती भरून काढता येत नाही. म्हणून कागदावरील कलाकृतींवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू नये, असा संकेत जगभर पाळला जातो, आणि काही महिने मांडलेले चित्र पुन्हा दीर्घकाळ अंधारात ठेवले जाते. अनेक विशेष प्रदर्शने थोड्याच महिन्यांत उठतात, त्याचे हेही एक कारण आहे. दालनात शिरल्यावर पाच-सात मिनिटे थांबलात तर डोळे सरावतात. फलक वाचण्याची घाई तोवर करू नये.

आता क्रमाविषयी. २०१७ च्या नोव्हेंबरात याच संग्रहालयात ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्याने भारत आणि जगाचा इतिहास नऊ कथांतून मांडणारे प्रदर्शन भरले होते. त्यात रेम्ब्रांने मुघल चित्रावरून केलेले जहांगीराचे रेखाचित्र होते. भारतात कधीही न आलेल्या या डच चित्रकाराने सतराव्या शतकाच्या मध्यास आपल्याकडील चित्रे समोर ठेवून रेखाटने केली, ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर ते चित्र म्हणजे तपकिरी शाईच्या काही रेषा एवढेच दिसते. अशा ठिकाणी व्याख्यान आधी हवे, कारण त्याशिवाय नेमके काय न्याहाळायचे हे कळतच नाही.

उत्तर ३ – सदाशिवपेठ

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० साली झाली. तेथील पाक्षिक सभांत निबंध वाचून त्यावर जाणकारांनी खल करण्याची परंपरा आहे, आणि संग्रहालयातील व्याख्यानाकडूनही माझी तीच अपेक्षा असते: श्रोत्याने उठून विचारावे आणि वक्त्याने पुराव्याकडे बोट दाखवावे. त्यामुळे शक्य असेल तर व्याख्यान मधे ठेवा. सकाळी एकच दालन पाहा, दुपारी ऐका, आणि संध्याकाळी त्याच दालनात परत जा. नवे दालन घेऊ नका. व्याख्यान इंग्रजीत असेल, तर मराठीतून दालन दाखवणारे कोणी मिळेल का, याची संग्रहालयाकडे आधीच चौकशी करा.

दुसरा दिवस हाती असेल तर भायखळ्याला राणीच्या बागेत जा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयालगत घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो कोसळून फुटला आणि १९१४ मध्ये तुकडे जोडून उभा करण्यात आला. मुलांना त्याच्या अंगावरचे सांधे शोधायला सांगा. उजेड तिथे भरपूर आहे, त्यामुळे वडीलधाऱ्यांचीही अडचण होणार नाही.

वाचनालय_वाई

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पहिल्या दिवशी सकाळी परळच्या शिल्पाचा ठसा, दुपारी व्याख्यान, मग पुन्हा शिल्पदालन असे ठरवतो. लघुचित्रांविषयी निघण्यापूर्वी वाचनालयातच एक बैठक घेऊ.