निघून गेलेल्या चित्रकर्तीने राहिलेल्यांचे चेहरे रंगवावेत का? (ऑनलाइन चर्चेचा धागा)

खाडीपलीकडची

चित्रकार सिओना बेंजामिन यांचं नाव ठाण्यात फारसं कुणी घेत नाही, आणि मला ते खटकतं. मुंबईत बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरात जन्म, शिक्षण कॅथलिक आणि पारशी शाळांत, शेजारपाजार हिंदू-मुसलमानांचा, आणि आता बरीच वर्षं न्यू जर्सीत मुक्काम. चित्रकलेची पदव्युत्तर पदवी आणि वर नेपथ्याचीही, त्यामुळे काम एका साच्यातलं नाही. लघुचित्रांच्या धाटणीची चित्रं आहेत, फोटोंवरचं रंगकाम आहे, मांडणशिल्पं आहेत. चित्रांतली बाई बहुतेक वेळा निळी असते.

मला बोलायचंय ते त्यांच्या फोटोंच्या मालिकेबद्दल. अमेरिकन सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर २०१०-११ च्या सुमारास त्या भारतात आल्या, इथल्या बेने इस्रायल लोकांना भेटल्या, त्यांच्या कहाण्या ऐकल्या, फोटो काढले आणि मग त्या फोटोंवर रंग आणि सोन्याचा वर्ख चढवला. याचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड छापले. पानापानावर माणसांचे फोटो आणि खाली जात-जमातीची चिठ्ठी. माणूस कोण, त्याचं म्हणणं काय, याला जागाच नव्हती. राज्यकर्त्यांना प्रजा ओळखता यावी एवढ्यासाठी तो कॅमेरा उभा होता. त्याच कॅमेऱ्यासमोर आता माणूस नावानिशी बसतो, आपली गोष्ट सांगतो आणि ती गोष्ट त्याच्याभोवती रंगवली जाते. माझ्या लेखी हे त्या आठ खंडांना दिलेलं उत्तर आहे.

भारतात आज उरलेल्या बेने इस्रायल समाजाची सर्वात मोठी वस्ती ठाण्यात आहे. टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८७९ चं. हे काम ठाण्यात, मराठी मजकुरासह लागलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

राबोडीकर

ताई, तळमळ समजली, पण मला हे पटत नाही.

वसाहतीचा इतिहास कळायला ठाणेकराला न्यू जर्सीकडे बघायची गरज नाही. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तो बळकावला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना याच तुरुंगात फाशी झाली. त्याच्या भिंतीवरून रोज हजारो लोक जातात, किती जणांना हे ठाऊक आहे? आधी इथलं इथे दाखवा.

दुसरं, आणि माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं. परदेशात राहून ‘मी कुठली’ हा प्रश्न रंगवणं आणि इथे राहून तो जगणं यांत फरक आहे. ज्यांनी शेजारी गेले, भाऊबंद गेले तरी इथलं सिनेगॉग उघडं ठेवलं, त्यांचे चेहरे जायचे कुठे? अमेरिकेतल्या दालनांत. कौतुक कुणाचं होणार? चित्रकर्तीचं. ब्रिटिशांचा कॅमेरा आला आणि चेहरे घेऊन गेला, तसाच हाही येतो आणि चेहरे घेऊन जातो. वर्ख चढवला म्हणून व्यवहार बदलत नाही.

खाडीपलीकडची

राबोडीकर, तुरुंगाचं शंभर टक्के मान्य. पण ‘आधी हे, मग ते’ का? कान्हेऱ्यांची आठवण आणि टेंभी नाक्याची आठवण एकमेकींची जागा अडवत नाहीत.

व्यवहार मात्र बदलतो, यावर मी ठाम आहे. त्या खंडांतल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. इथे काढणारी आणि बसणारा एकाच समाजातले आहेत, सणवार सारखे, आजीची भाषा सारखी. परकी नजर आणि घरातल्या लेकीची नजर तुम्ही एका तराजूत घालताय, तो अन्याय आहे.

जुना पनवेलकर

मी तिसऱ्याच बाजूने बोलतो. आमच्या पनवेलचं बेथ एल सिनेगॉग १८४९ चं, म्हणजे ठाण्याच्याही आधीचं. लहानपणापासून या लोकांना पाहत आलोय, म्हणून लिहितोय.

तुम्ही दोघंही इतिहास असा मांडताय जणू साहेब एका बाजूला आणि सगळे नेटिव्ह दुसऱ्या. बेने इस्रायलांचं तसं नव्हतं. शतकानुशतकं कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. कंपनी सरकार आलं तेव्हा पलटणीत भरती होऊन वर आले. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकिएल, हे कंपनीच्या फौजेतले. टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग त्यांनी बांधलं. पुढे मिशनरी आले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. हेतू धर्मांतराचा, पण या लोकांनी हिब्रू उचललं आणि धर्म आपलाच ठेवला. म्हणजे ज्या राज्याने त्यांना चिठ्ठी लावली, त्याच राज्याने पगार दिला, शाळा दिली, आपल्या धर्मग्रंथापर्यंत जायची वाटही नकळत दिली.

मी पाहिलेल्या निळ्या बाईच्या चित्रांत मला ही पलटण दिसली नाही. ती चित्रं देखणी आहेत, पण धर्माधर्मांच्या मध्ये उभ्या असलेल्या एका बाईची आहेत. त्यांना वसाहतीच्या इतिहासाचं उत्तर म्हणणं मला ओढूनताणून वाटतं.

घणसोलीची मीरा

काकांचा मुद्दा फार मोलाचा आहे. त्यात एक भर घालते. ‘गेलेले लोक’ असा एकच गठ्ठा करू नका. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलास’ जहाजातून मॉरिशसला उतरलेल्यांना करारावर नेलं होतं, उसाच्या मळ्यांसाठी, गुलामगिरी बंद पडत असताना स्वस्त हात हवे होते म्हणून. तिथे पुढे कोकणातली माणसंही गेली, त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. ते जाणं वसाहतीने घडवलेलं. बेने इस्रायल इस्रायलला गेले ते १९४८ नंतर, देश स्वतंत्र झाल्यावर, बरेचसे आपल्या राजीखुशीने. तिसरं जाणं अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांचं. या तिन्ही दुःखांना एकच रंग देणारं काम मला कच्चं वाटतं, मग ते कितीही प्रामाणिक असो.

टेंभी नाका

मी याच समाजातली. इतका वेळ वाचत होते.

राबोडीकर दादा, तुम्ही आमच्या बाजूने बोलताय हे कळतं, पण ‘इथे राहिलेले’ हे आमचं पूर्ण वर्णन नाही. माझ्या सासरचे निम्मे लोक इस्रायलमध्ये आहेत. कोण खरा आणि कोण पळालेला हा हिशोब आमच्या घरात कधी झाला नाही. त्या चित्रकर्तीला आमचे चेहरे रंगवायचा हक्क नाही, असं कृपा करून आमच्या वतीने म्हणू नका.

मीराताई, ‘राजीखुशीने’ एवढं सोपं नव्हतं. तिकडे गेल्यावर १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांच्या पिढ्या तपासा. आमच्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे प्रकरण निवळलं. इंग्रजांनी आम्हाला नोंदवहीत एका रकान्यात घातलं आणि ज्याला आपलं घर समजून गेलो तिथेही रकानाच पुढे आला. पनवेलकर काका, म्हणून निळी बाई मला ओढूनताणून वाटत नाही. कुठल्याच रकान्याचा नसलेला रंग आहे तो. पलटण त्यात नसेल, पलटणीनंतरचं सगळं आहे.

जुना पनवेलकर

ताई, १९६२ चं मला ठाऊक होतं, पण चित्राशी जोडून कधी पाहिलं नव्हतं. तरीही पलटणीचा आग्रह मी सोडणार नाही. ठाण्यात प्रदर्शन लावायचं तर दिवेकरांपासून सुरू करा. नाहीतर बघणाऱ्याला वाटेल की हे लोक फक्त सोसत आले. ते लढले, कमावते झाले, त्यांनी सिनेगॉगं बांधली.

राबोडीकर

टेंभी नाका ताई, तुमच्या वतीने बोलायचा अधिकार मला नाही, हे मान्य. पण प्रश्न पैशाचा आणि जागेचा आहे, तो भावनेने सुटत नाही. महापालिकेने दालन दिलं तर पहिला हक्क ठाण्यात काम करणाऱ्या कलाकारांचा. शहरात कलाशाळेची मुलं उड्डाणपुलाखालच्या भिंती रंगवतात, त्यांना रंगापुरते पैसे मिळाले तरी खूप. बाहेरचं नाव आलं की उद्घाटन होतं, फोटो होतात आणि दालन पुन्हा लग्नाच्या हॉलसारखं भाड्याने जातं.

टेंभी नाका

मग दोन्ही एकत्र करा. चित्रं तिकडची येऊ देत, पण त्यांच्या शेजारी आमच्या बायकांची मराठी कीर्तनं ऐकवा. मोझेस, जोसेफ, एलियाहू हे आमच्या धर्मग्रंथातले सगळे त्यांत मराठीतच बोलतात, आणि ती गाणाऱ्या बायका आता म्हाताऱ्या झाल्यात. तुमच्या कलाशाळेच्या मुलांना त्यांच्याकडे पाठवा, त्यांनी ती ध्वनिमुद्रित करावीत, त्या बायकांना विचारून त्यांची चित्रं काढावीत आणि कामाचे पैसे घ्यावेत. प्रत्येक चित्राखाली नाव आणि मूळ गाव हवं, नागाव, रोहा, पेण, जे असेल ते. आमच्या आभाराच्या विधीतल्या मलिद्याचं ताट कसं लावतात हे विचारायचं असेल तर मी आहेच.

खाडीपलीकडची

कीर्तनांचं आधी करूया, प्रदर्शनाची परवानगी येईल तेव्हा येईल. राबोडीकर, कलाशाळेत तुमची ओळख आहे असं तुम्ही दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं. ध्वनिमुद्रण जमणारी दोन-तीन मुलं मिळतील का?