आजोबांच्या दोन लिव्हर रायफली: विंचेस्टर 94 ठेवू की सॅव्हेज 99?

भिवापूरची नात

नमस्कार. मी नागपुरात धरमपेठेत राहते, शेती भिवापूरला. आजोबा मागच्या श्रावणात गेले. त्यांच्या परवान्यावर दोन रायफली होत्या, दोन्ही लिव्हरच्या, म्हणजे चापाखालचं कडं खाली-वर केलं की पुढचं काडतूस भरतं अशा. एक विंचेस्टर 94, .30-30 ची. दुसरी सॅव्हेज 99, .300 सॅव्हेजची. सध्या दोन्ही शहरातल्या एका डीलरकडे जमा आहेत. माझ्या परवान्यावर पिकाच्या राखणीसाठी घेतलेली बारा बोअरची दुनाळी आधीच आहे, आणि शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणजे दोघींतली एकच माझ्याकडे येणार. भावाकडे परवाना नाही आणि त्याला यात रसही नाही.

आजोबा मालगुजारांच्या घरातले. तरुणपणी उमरेडच्या बाजूच्या जंगलात भरपूर फिरले. ज्या रानात ते बसायचे त्यातला काही भाग आज उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आहे, मी तिथे जिप्सीतून जाते. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांनी जनावरावर गोळी झाडणं बंद केलं ते कायमचं. त्यानंतर रायफली बाहेर निघायच्या त्या खंडेनवमीला. पाटावर लाल कापड, त्यावर दोघी आडव्या, हळद-कुंकू आणि लिव्हरच्या कड्यात खोचलेलं झेंडूचं फूल. विंचेस्टर ते हातात घेऊन दाखवायचे, लिव्हर खाली-वर करून तो दोन ठोक्यांचा आवाज ऐकवायचे. सॅव्हेज मात्र नुसती पुसून ठेवायचे, "ही नाजूक आहे" म्हणून.

मला दोघींमधला यंत्राचा फरक समजून घ्यायचा आहे. कोणती जास्त चांगली बनवलेली आहे? नागपूरच्या मे महिन्यात आणि मग पावसाळ्यात कोणती टिकेल? रेंजवर कधीतरी चालवावी असंही मनात आहे. विंचेस्टरचा नंबर 21 लाखांच्या घरातला आहे. पुढच्या आठवड्यात डीलरकडे जाणार आहे, काय पाहू तेही सांगा.

अंबाझरीचा मशिनिस्ट

ताई, घाई काहून करून राहिल्या? आधी दोघींना नीट पाहा, मग ठरवा. मी 31 वर्षं मिलिंग मशीनवर काढली, बंदुकांचा शौक तेव्हापासूनचा.

विंचेस्टर 94 जॉन ब्राउनिंगची रचना, 1894 ची. पुढच्याच वर्षी, 1895 मध्ये, तिचं .30-30 काडतूस आलं, धूर न करणाऱ्या दारूचं. या रायफली 70 लाखांहून जास्त बनल्या. तुमचा नंबर 27 लाखांच्या आत आहे, म्हणजे ती 1964 च्या आधीची. हे महत्त्वाचं आहे. 1964 मध्ये कंपनीने खर्च कमी करायला काडतूस वर उचलणारा पत्रा ठोकून बनवायला सुरुवात केली, भरीव पिनांच्या जागी पोकळ पिना घातल्या. त्याआधीचे भाग पोलाद कोरून काढलेले. मी दोन्ही प्रकार हातात घेतले आहेत. जुन्याची लिव्हर फिरवली की भाग एकमेकांवरून सरकतात, नव्याच्या पहिल्या लॉटमध्ये ते खडखडतात.

तिचा मोठा गुण म्हणजे अंगाने सपाट आणि हलकी, तीन किलोच्या आसपास. मधोमध धरली की तळव्यात बसते, दिवसभर चालता येतं. दोष दोन. एक, काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. मागच्या काडतुसाचं टोक पुढच्याच्या बुडावर, नेमकं टोपीवर टेकतं, जिच्यावर ठोका बसला की काडतूस उडतं. म्हणून त्यात चपट्या टोकाचीच गोळी घालायची. टोकदार घातली आणि धक्का बसला तर आतल्या आत उडू शकते. दुसरा दोष साफसफाईचा. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट सहज निघत नाही, त्यामुळे गज समोरून, नळीच्या तोंडातून घालावा लागतो. पन्नास वर्षं तसं केलं की तोंडाजवळचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, झिजतात, आणि गोळी शेवटची सुटते ती तिथूनच.

मार्लिन 336 असती, तीही लिव्हरचीच, तर हा प्रश्नच आला नसता. 1948 चं ते मॉडेल, लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर बाहेर, बोल्ट बाहेर, गज मागून घाला. रिकामं काडतूस बाजूने पडतं म्हणून वर दुर्बीणही बसते. विंचेस्टर तेच वरून, डोक्यावरून फेकते.

आता सॅव्हेज. मला विचाराल तर लिव्हरच्या रायफलींमध्ये यापेक्षा शहाणी रचना मी पाहिली नाही. आर्थर सॅव्हेजचं हे यंत्र 1899 चं. घोडा बाहेर नाहीच, सगळं आत. काडतुसं नळकांड्यात नाही तर पोटात एका पितळी फिरकीवर बसतात, प्रत्येकाला स्वतःची खाच. एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाला लागत नाही, म्हणून टोकदार गोळी चालते आणि ती लांबवर वेग राखते. .30-30 ची 170 ग्रेनची गोळी सेकंदाला 2200 फुटांच्या आसपास, .300 सॅव्हेजची 150 ग्रेनची 2600 च्या वर. बोल्टचं मागचं टोक वर उचलून रिसीव्हरच्या, म्हणजे मधल्या पोलादी अंगाच्या, भिंतीला टेकतं, ते कुलूप फार भक्कम. नाजूक आहे ते लाकूड. रिसीव्हरची पोलादी शेपटी लाकडात शिरते, तिच्यामागे दस्त्याला केसासारखी भेग पडते, आणि आपल्याकडे मे महिन्यात लाकूड सुकून आकसलं की ती वाढते.

डीलरकडे गेल्यावर एक गोष्ट सगळ्यात आधी. सॅव्हेजच्या लिव्हरला हात लावण्यापूर्वी रिसीव्हरची डावी बाजू पाहा. तिथे छोटी खिडकी असते, आत पितळेवर आकडा. पोटात किती काडतुसं आहेत ते तो आकडा सांगतो. खिडकी काजळीने भरली असेल तर सुती कापडाने पुसा आणि टॉर्च लावा. मग दस्त्याची भेग. विंचेस्टरला लिव्हर उघडून आत नळकांड्याचं तोंड पाहा, तिथे काडतुसाऐवजी काडतुसं मागे ढकलणारी वाटी दिसली पाहिजे. मग नळीचं तोंड.

काटोलचा संत्रेवाला

काकांनी यंत्राचं सांगितलं, मी थोडं इतिहासाचं सांगतो. लोक विचारतात की या अमेरिकन बंदुका आपल्या विदर्भात आल्या कशा. पन्नाशीच्या दशकात नागपूर हे परदेशी शिकाऱ्यांचं मोठं ठिकाण होतं. विद्याचरण शुक्ल राजकारणात यायच्या आधी, 1951 मध्ये इथल्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन, ऍल्विन कूपर कंपनीच्या कामात होते. ही कंपनी मध्य भारताच्या जंगलात शिकारीच्या मोहिमा नेत असे. बाहेरून येणारा माणूस स्वतःच्या रायफली घेऊन यायचा. आमच्या घरचा समज असा आहे की आमच्या मोठ्या काकांची मार्लिन अशाच पाहुण्याकडून आली.

माझं मत सॅव्हेजला. विंचेस्टर जगभर आहे, जुनी 99 चांगल्या अवस्थेत क्वचित मिळते. पण रेंजवर चालवायचं म्हणता तर एक कटू गोष्ट ऐकून ठेवा. .30-30 असो की .300, दोन्हीची काडतुसं इथे सहज मिळत नाहीत. आपल्या आयुधनिर्माण्या .315 ची बनवतात, म्हणून रायफल असलेल्या बऱ्याच शेतकऱ्यांकडे त्याच मापाची असते. चालवण्याचा विचार बाजूला ठेवूनच निवडा.

भिवापूरची नात

काल जाऊन आले. अजून हात थोडे थरथरतात, पण लिहिते.

विंचेस्टर उत्तम बंद होते, उघडते. नळकांडं रिकामं होतं. तोंडाजवळ टॉर्च लावला तर काकांनी सांगितलं तेच, कडेचे आटे एका बाजूला पुसट झालेले. आजोबा गज समोरूनच घालायचे, उजव्या हाताने, मला आठवतं.

सॅव्हेज कापडातून काढली. दस्त्याला भेग आहे, बोटाच्या पेराएवढी, शेपटीमागे. लिव्हर घट्ट होती, जुनं तेल गोंदासारखं झालेलं. दुकानातला माणूस म्हणाला, "जमा करतानाच जाम होती, आम्ही जोर लावला नाही." मी डावी बाजू पुसली. खिडकी एखाद्या डाळीएवढी आहे. आत आकडा होता 1.

मला वाटलं शून्यच असेल, खरवडल्यामुळे तसं दिसतं. परत पुसली. 1 च होता.

दुकानाच्या मालकांना बोलावलं. त्यांनी वाळूच्या बादलीकडे तोंड करून रायफल धरली, थेंब थेंब पातळ तेल सोडलं, वीसेक मिनिटं थांबले आणि लिव्हर हळूहळू खाली घेतली. नळीत काही नव्हतं. फिरकीच्या खाचेत एक काडतूस होतं, पितळ काळवंडलेलं, बुडावर 300 एसएव्ही अशी अक्षरं. त्यांनी रजिस्टरात नोंद केली आणि ते स्वतःकडे ठेवून घेतलं.

शेवटची सहा वर्षं आजोबांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं. खंडेनवमीला रायफली पाटावर मीच मांडायची. म्हणजे ते काडतूस पोटात असताना मी ती पाटावर ठेवली आणि शेजारी माझ्या भाच्या रांगोळी काढत बसल्या होत्या. खिडकी समोर होती, आकडा समोर होता. मला तो वाचता येत नव्हता. "ही नाजूक आहे" म्हणून कोणी लिव्हर उघडली नाही, आणि मीही विचारलं नाही.

अंबाझरीचा मशिनिस्ट

ताई, तुम्ही पुसून पाहिलं म्हणून कळलं. सेफ्टी, बंद बोल्ट, डीलरचा शब्द, कशावरही विसंबायचं नाही, हे मी माझ्या मुलांनाही सांगतो. काडतूस नळीत नसून फिरकीत होतं, म्हणून चाप दाबला असता तरी ते उडालं नसतं. पण लिव्हर एकदा फिरली असती तर ते नळीत गेलं असतं. ही वेळ टळली.

दस्त्याची भेग लवकर थांबवा. चांगल्या कारागिराकडून पोलादाची शेपटी आणि लाकूड यांच्यात कागदाएवढी फट करून घ्या, धक्का तिथे बसायला नको. मग भेगेत पातळ इपॉक्सी. वरून जवसाचं तेल, पण घाण्यावरचं कच्चं नको, ते आठवडाभर चिकट राहतं. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड मिळतं. बोटाने चोळायचं, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं, एक दिवस वाळू द्यायचं, असे सहा-सात हात. आणि तेल लागलेली फडकी गोळा करून टोपलीत टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा. मे महिन्याच्या आधी हे उरका.

काटोलचा संत्रेवाला

मग ठरलं का, ताई?

भिवापूरची नात

ठरलं. सॅव्हेज ठेवते. विंचेस्टर हातात जास्त चांगली बसते हे मी कबूल करते, मधल्या पोलादाचा निळा रंग जिथे तळवा टेकतो तिथेच उडालेला आहे आणि माझाही तळवा बरोबर तिथेच पडतो. पण मला आता ती खिडकी हवी आहे. पोलीस आयुक्तालयात अर्ज कालच दिला.

या खंडेनवमीला पाटावर ठेवण्याआधी तो आकडा भाच्यांना वाचायला लावणार आहे, दोघींना आळीपाळीने, मोठ्याने.

विंचेस्टरसाठी अमरावतीहून एक परवानाधारक पाहायला येत आहेत. नळीच्या तोंडाची झीज त्यांना फोनवरच सांगितली. किंमत त्यामुळे कमी मिळेल, पण ज्याच्याकडे जाईल त्याने ती तोंडावर नवी कड काढून घ्यावी, आणि गज पुन्हा समोरून घालताना निदान पितळी मार्गदर्शक लावावा, एवढं त्यांना लिहूनही देणार आहे.