वेदर स्टेशनचा सेन्सर बदलला, जागा बदलली... हे सगळं लिहून कुठं नि कसं ठेवता?

द्राक्षपट्टा_नाशिक:
नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची दिंडोरी, निफाड, चांदवड आणि इगतपुरीत मिळून तीसेक ऑटोमॅटिक वेदर स्टेशनं आहेत, द्राक्षावरच्या डाऊनी-भुरी रोगांचा अंदाज यावा म्हणून बसवलेली. आता एका कॉलेजवाल्यांना त्याच डेटावरून तापमान-पावसाचा ट्रेंड काढायचाय, त्यांनी मेटाडेटा (स्टेशन, सेन्सर, जागा यांची माहिती) मागितला आणि आमची पंचाईत झाली. आमचा मेटाडेटा म्हणजे एक एक्सेल, त्यात गाव, शेतकऱ्याचं नाव, अक्षांश-रेखांश, बसवल्याची तारीख, बास. मधे कुठला सेन्सर बदलला, कुठलं स्टेशन उचलून दुसऱ्या गटात नेलं, हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाहीतर टेक्निशियनच्या डोक्यात. बसवणारी कंपनी एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपल्यापासून फोनच उचलत नाही. त्यात पिंपळगाव नावाची दोन स्टेशनं, जुन्या फाइलमध्ये कुठलं कुठलं ते कळत नाही. एक्सेलमध्येच कॉलम वाढवू का डेटाबेस करू? सोपं सांगा, मी बीएस्सी अॅग्री आहे, कॉम्प्युटरवाला नाही.

निफाडचा_गारठा:
दादा, एक्सेल का डेटाबेस हे नंतर बघा, आधी जुनी माहिती पुसणं बंद करा. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव खोडून टाकत नाहीत ना, कंस करतात आणि फेरफार नंबर टाकतात, तसंच. सेन्सर बदलला की त्याच ओळीत नवा नंबर टाइप करायचा नाही, जुन्या ओळीला 'पर्यंत' तारीख टाकायची आणि खाली नवी ओळ.
तीन शीट पुरतात. पहिल्यात स्टेशन, म्हणजे जागा. दुसऱ्यात उपकरणं, मेक, मॉडेल, सिरियल नंबर, जमिनीपासून उंची, कधीपासून कधीपर्यंत. तिसऱ्यात घटना, साफसफाई, कॅलिब्रेशन, बॅटरी गेली, शेजारी शेड बांधलं, काहीही. आणि गावाच्या नावाने स्टेशन ओळखूच नका, पिंपळगाव नि वडगाव जिल्ह्यात किती आहेत मोजा. प्रत्येकाला एक कायमचा नंबर द्या, सोबत गावाचा एलजीडी कोड (सरकारी यादीतला गावाचा नंबर). स्टेशन दुसऱ्या शिवारात गेलं तर नवा नंबर, बॉक्स तोच असला तरी.

क्लायमेट_डेटावाली:
वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. काय लिहायचं याची यादी नव्याने करत बसू नका, डब्ल्यूएमओचं (जागतिक हवामान संघटनेचं) विगॉस मेटाडेटा स्टँडर्ड आहे, त्यात दहा भाग आहेत (काय मोजतो, कशासाठी, स्टेशन, परिसर, उपकरण, सॅम्पलिंग, प्रोसेसिंग, क्वालिटी, मालकी, संपर्क). जगभरातल्या स्टेशनांची ऑस्कर सर्फेस नावाची यादी त्यावरच चालते. तुम्हाला त्यातलं सगळं भरायची गरज नाही, पण वेळ आणि युनिट यांची मात्र अजिबात हयगय करू नका, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फाइली तिथंच आपटतात.
हवामान खातं पाऊस सकाळी साडेआठला मोजतं आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितं. तुमच्या डॅशबोर्डवर बहुतेक रात्री बारा ते बारा असणार. म्हणजे 10 जूनला संध्याकाळी सहाला वळीव कोसळला तर तुमच्याकडे तो 10 ला आणि खात्याकडे 11 ला, मग लोक म्हणतात सेन्सर खराब. दुसरं, लॉगरचं (रीडिंग साठवणाऱ्या बॉक्सचं) घड्याळ यूटीसीवर (ग्रीनिच वेळेवर) आहे का आपल्या वेळेवर? एप्रिलमधलं कमाल तापमान रोज सकाळी नऊच्या आसपास दिसत असेल तर ते आपले दुपारचे अडीच आहेत, डेटा साडेपाच तास मागे आहे असं समजा.
अक्षांश-रेखांश चार दशांशांपर्यंत लिहा, ते साधारण अकरा मीटरपर्यंत नेतं, दोनच दशांश असले तर किलोमीटरभर फरक पडतो. उंची मात्र मोबाइलच्या जीपीएसवरून घेऊ नका, समुद्रसपाटीचा दाब त्यावरून निघतो, आणि नाशिकच्या उंचीवर उंचीत साधारण नऊ मीटरची चूक झाली की दाब एक हेक्टापास्कलने चुकतो.

बागायतदार_चांदवड:
मॅडम, तुमचं सगळं बरोबर, पण भरणार कोण? टेक्निशियन दुचाकीवर दिवसाला पाच-सहा स्टेशनं करतो, त्याला दहा भाग दाखवले तर पुढच्या महिन्यापासून यायचाच नाही. आमच्याकडे लॉगरच्या बॉक्सच्या झाकणाला आतून एक कार्ड चिकटवलंय, येईल त्याने तारीख, काय केलं, सही, आणि त्या कार्डाचाच फोटो ग्रुपवर. बाकी ऑफिसातल्या पोरीने रात्री शीटमध्ये चढवायचं. चालतंय.
आणि एक गंमत सांगतो, ओळखीच्या एका बागेत गारपिटीच्या भीतीने प्लास्टिकचं आच्छादन टाकलं, पर्जन्यमापक आच्छादनाखाली. पूर्ण अवकाळीत शून्य पाऊस. मशीन चालू, डेटा येतोय, कुणालाच शंका नाही. हे कुठल्या कॉलममध्ये लिहायचं सांगा.

सह्याद्री_ते_गोदावरी:
@बागायतदार_चांदवड ते 'परिसर' मध्ये, तारखेसह. म्हणून तर चारही दिशांचे फोटो वर्षातून एकदा तरी हवेत, मी तर म्हणतो छाटणीच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा.
पण मला मूळ प्रश्नच पटत नाही. बागेतली स्टेशनं ट्रेंडसाठी वापरायचीच कशाला? ड्रिपशेजारी, वेलीच्या सावलीत, आजूबाजूला ओलावा. पर्जन्यमापकापासून अडथळा त्याच्या काठापेक्षा जितका उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर हवा, वाऱ्याचं यंत्र दहा मीटरवर, आणि यांचं दोन-अडीच मीटरच्या पाइपवर सगळं टांगलेलं. उचला आणि मोकळ्यात लावा.

क्लायमेट_डेटावाली:
नाही, उचलू नका!! डाऊनीसाठी वेलीतलाच ओलावा हवा, पान किती वेळ ओलं राहिलं ते मोकळ्या माळावर मोजून काय उपयोग. स्टेशन चुकीचं नाहीये, हेतू वेगळा आहे, तो लिहा फक्त. डब्ल्यूएमओच्या जागेच्या वर्गवारीत 1 ते 5 वर्ग असतात (1 सगळ्यात चांगला) आणि ते प्रत्येक घटकाला वेगळे, एकच स्टेशन पावसाला 2 आणि तापमानाला 5 असू शकतं. कॉलेजवाले मग पावसापुरतं वापरतील. आणि मोकळ्यात हलवलं तर त्या दिवसापासून तापमानात एक पायरी पडेल आणि कुणीतरी तिलाच हवामान बदल म्हणेल.

निफाडचा_गारठा:
पावसाचंही जपून बरं का. इगतपुरीकडे एकाचा टिपिंग बकेट (ठरावीक पाणी भरलं की उलटणाऱ्या बादलीचा पर्जन्यमापक) बदलला, जुना दर टिपेला 0.2 मिलिमीटरचा होता, नवा 0.5 चा आला, लॉगरमध्ये गुणक (दर टिपेला किती मिलिमीटर धरायचे तो आकडा) तोच राहिला. शंभर मिलिमीटर पडला की चाळीस दाखवणार. घाटमाथ्यावर तो आकडाही खराच वाटतो, म्हणून पूर्ण मोसम कुणाला कळलं नाही. सिरियल नंबरसोबत गुणक लिहिलेला असता तर बदलल्यानंतरचा सगळा पाऊस अडीचने गुणून मोकळे झाले असते.

द्राक्षपट्टा_नाशिक:
बापरे, गुणकाचं तर डोक्यातच नव्हतं. कार्डाची आयडिया उद्यापासूनच सुरू. पण मागच्या वर्षांचं काय? जे लिहिलंच नाही ते कुठून आणायचं?

क्लायमेट_डेटावाली:
बरंचसं निघतं. ग्रुपवरचे फोटो तारखेसकट एक्स्पोर्ट करा, सेन्सर खरेदीची बिलं आणि डिलिव्हरी चलनं अकाउंटंटकडे असतातच, त्यावर सिरियल नंबर सापडतो. मग शेजारच्या दोन-तीन स्टेशनांशी रोजच्या किमान तापमानाचा फरक काढून ग्राफ बघा, जिथं फरक एकदम उडी मारतो तिथं काहीतरी घडलंय, आणि मग त्या महिन्याबद्दल टेक्निशियनला विचारा, नुसतं 'आठवतं का' विचारून काही निघत नाही. तारीख पक्की नसेल तर 'मे-जून, अंदाजे' असंच लिहा आणि कशावरून तेही लिहा. फक्त कॉलम रिकामा दिसू नये म्हणून 1 जानेवारी टाकू नका, तसल्या तारखा नंतर खऱ्या समजल्या जातात.

बागायतदार_चांदवड:
आणि कार्डाला लॅमिनेशन करू नका, पेन उठत नाही त्यावर. साधं जाड कार्ड, पेन्सिल दोऱ्याने बांधून.