चिठ्ठीआधी आरएनए

अँटी-एचसीव्ही (यकृताला बाधणाऱ्या हिपॅटायटिस सी विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडीची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह दिसला की फॅमिली डॉक्टरने सरळ पोटविकारतज्ज्ञाकडे पाठवावं, असं काही जण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. जलोदर, कावीळ, रक्ताची उलटी असेल तर त्याच दिवशी पाठवा. बाकीच्यांची आधी एचसीव्ही आरएनए तपासणी करा, म्हणजे विषाणू आत्ता रक्तात आहे का ते कळतं. अँटीबॉडी ही विषाणू कधीतरी शरीरात शिरल्याची खूण. काहींचा तो आपोआप जातो, आणि औषधाने बरं झाल्यावरही ही चाचणी बहुधा पॉझिटिव्हच राहते. माझी एक पेशंट हर्नियाच्या ऑपरेशनआधी अशी पॉझिटिव्ह निघाली. मी आरएनए न करताच चिठ्ठी दिली. तज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत महिना गेला, तोवर घरात तिचं ताट-वाटी वेगळं झालं होतं (एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही, हे मी घरच्यांना बसवून सांगायला हवं होतं). आरएनए निगेटिव्ह आला. तो महिना मला अजून सलतो.

टीबीचा मुद्दाही लक्षात घ्या. रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध चालू असताना हिपॅटायटिस सीवरचं सोफोसबुविर देत नाहीत, कारण सोफोसबुविरची रक्तातली पातळी घसरते. अमिओडॅरोन या हृदयाच्या ठोक्यांवरच्या औषधासोबत सोफोसबुविर दिलं तर नाडी धोकादायक मंदावू शकते. म्हणून चिठ्ठीत चालू गोळ्या सगळ्या लिहा, आणि हिपॅटायटिस बीचा रिपोर्टही जोडा. सीचे उपचार सुरू झाल्यावर दबलेला बी उसळू शकतो. खर्चाच्या भीतीने थांबलेल्यांना सांगा, २०१८ पासून हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. सिरॉसिस (यकृत आक्रसून कडक होणं) नसेल तर कोर्स साधारण १२ आठवड्यांचा असतो.