काजूच्या टरफलांचं अजून काही होईल का?

बोंडूवाला: वेंगुर्ल्याजवळ आमचा घरचाच छोटा काजू कारखाना आहे. १०० किलो बी फोडली तर गर जेमतेम २५ किलोच्या आसपास, बाकी बहुतेक टरफलच, सीझनला नुसता डोंगर होतो. थोडं तेलवाल्याला देतो, थोडं चुलीत घालतो, पण धूर असा झोंबतो की शेजारची काकी खिडक्या लावून घेते आणि मग दोन दिवस बोलत नाही. हल्ली ऐकतो ह्यातून रेझिन (राळेसारखा घट्ट होणारा पदार्थ), पेंट बनतात. खरंच बनतात का फक्त विद्यापीठातल्या कागदावर?

लॅबवाली: दादा, कागदावर नाही, जुना धंदा आहे हा. टरफलातल्या तेलात मुख्य अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिड, ते तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरतं. म्हणजे फिनॉल नावाचं रसायनच, पण मागे १५ कार्बनची शेपटी लागलेलं, त्यामुळे फॉर्माल्डिहाइड ह्या दुसऱ्या रसायनाबरोबर रेझिन होतं आणि शेपटीमुळे जरा लवचिकही राहतं. गाड्यांच्या ब्रेक लायनिंगला हेच वापरतात. अडतं कुठे तर मालात. तुम्ही बी उकडून फोडता, दुसरा भाजून, दोघांचं तेल वेगळं, आणि कंपनीला दरवेळी सेम लागतं.

बंदरावरचो: आमचो आजो होडयेक ह्याच तेल लावी, लाकडाक किडो लागा नाय. तेवा खंयचा विद्यापीठ 😄

रातांबा: आजोबांना मानलं! दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र त्याच्याही आधीचं, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं तिथलीच. पण तेलाच्या केमिस्ट्रीसाठी मी मुंबईच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्था) नाहीतर पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) विचारेन. आणि टरफलावरच अडकू नका, आजी टाचांना लावायची ते कोकमाचं तेल आता कोकम बटर म्हणून क्रीममध्ये जातं, आपण मात्र बिया उकिरड्यावर टाकतो.

बोंडूवाला: मग मशीन घेऊ का आधी? एकाने कोटेशन दिलंय.

लॅबवाली: अजिबात नको!! आधी सँपल तपासून घ्या, काचेच्या बाटलीत, वर तारीख आणि बी उकडलेली का भाजलेली ते लिहून. आणि हातमोजे घाला हो.

बोंडूवाला: हातमोजे कसले, बायका राख लावून फोडतात, बोटांची सालं गेलीत सगळ्यांची. आणतो उद्या, बाटल्या पण.