३० वर्षांची अट आणि मतदारयादीतली अक्षरं

पहिल्या महायुद्धात कारखान्यांत राबल्याचं बक्षीस म्हणून ब्रिटिश बायकांना मताचा हक्क मिळाला, असं म्हटलं जातं. पण १९१८च्या कायद्यात त्यांच्यासाठी वयाची अट ३० होती! शिवाय राहत्या जागेचा ताबा स्वतःचा किंवा नवऱ्याचा असावा लागे. ग्रेटना इथल्या दारूगोळा कारखान्यात नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन या स्फोटकांचा लगदा हातांनी मळणाऱ्या बहुतेक मुली ३०हून लहान, आणि कित्येक जणी वसतिगृहात राहणाऱ्या. त्या सरळ बाद झाल्या, आणि हा अन्यायच होता.

एखाद्या ब्रिटिश गावातल्या त्या वेळच्या बायका शोधायच्या तर १९१८ची मतदारयादी काढा. नावाशी 'ओ' (O) असेल तर जागेचा ताबा तिचा स्वतःचा, 'एचओ' (HO) असेल तर हक्क नवऱ्यामुळे. नाव सापडलं नाही म्हणून ती गावात नव्हतीच असं धरू नका. सामानासकट भाड्याने घेतलेल्या खोलीत राहणारीलाही मत नव्हतं. पुरुषांप्रमाणे २१व्या वर्षी मत मिळायला १९२८ उजाडलं.