तंबूतल्या दोन रात्रींसाठी दिवे कोणते घ्यावेत?

उपवनकर (ठाणे)

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्या सोसायटीतील तीन कुटुंबे, म्हणजे सहा मोठी माणसे, चार मुले आणि माझी आई, मुरबाडजवळ एका परिचितांच्या शेतावर दोन रात्री तंबूत राहणार आहोत. शेतावर विहीर आहे, वीज नाही. स्वयंपाक चुलीवर होईल आणि शौचालय तंबूंपासून साठेक पावलांवर, बांधाच्या पलीकडे आहे. निम्मी मंडळी कल्याणपर्यंत लोकलने आणि पुढे एसटीने येणार असल्यामुळे फार अवजड सामान नेता येणार नाही.

गेल्या वर्षी कर्जतच्या बाजूला असेच राहिलो होतो, तेव्हा बांबूला एकच मोठा पांढरा दिवा बांधला होता. आमटीच्या पातेल्यात किडे पडू लागले, पंगतीत बसलेल्यांच्या डोळ्यांत तो उजेड असा घुसत होता की समोरच्याचा चेहरा दिसेना, आणि दहाच्या सुमारास दिवा अचानक विझला तेव्हा पाणी कुठे ठेवले आहे हेही कोणाला सापडेना.

सध्या घरात भारनियमनाच्या काळातला एक इमर्जन्सी दिवा, एक हेडटॉर्च, १०,००० एमएएचची पॉवर बँक आणि वडिलांनी जपून ठेवलेली रॉकेलची गॅसबत्ती एवढे आहे. स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने ‘एक लाख लुमेन, ९,९०० एमएएच’ (लुमेन म्हणजे दिव्याच्या उजेडाचे माप, एमएएच म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचे) असे छापलेली विजेरी आग्रहाने दाखवली. चार हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. एकच भक्कम दिवा घ्यावा की लहान लहान अनेक, आणि गॅसबत्ती न्यावी की नाही, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

पांडवकडा (खारघर)

त्या दुकानदाराच्या विजेरीचा निकाल आधी लावतो. अशा विजेरीत बहुतेक वेळा १८६५० या मापाचा सेल असतो, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा. या मापाच्या चांगल्या कंपनीच्या सेलची क्षमतासुद्धा साधारण ३,५०० एमएएचच्या आसपास संपते, त्यामुळे ९,९०० हा आकडा कागदापुरताच असतो. शक्य असेल तर सेल काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहावा. अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, खोटा पुष्कळदा त्याहून बराच हलका निघतो.

आता हिशेब पाहू. ३,५०० एमएएचला ३.६ व्होल्टने गुणले की साडेबारा वॉट-तास ऊर्जा मिळते, आणि चांगला एलईडी एका वॉटमागे ढोबळमानाने १०० लुमेन देतो. म्हणजे थोडी ऊर्जा वाया जाते हे धरून तोच सेल १०० लुमेनवर दहा-अकरा तास पुरेल आणि १,००० लुमेनवर जेमतेम एक तास, तोही दिवा तापून आपोआप मंद झाला नाही तर. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सात वाजता उगवतो, म्हणजे दोन रात्री मिळून सव्वीस तासांचा अंधार आहे. म्हणून खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहू नये; सर्वांत मंद पायरीवर दिवा किती तास चालतो, तो आकडा शोधावा.

एक की अनेक, या प्रश्नाचे उत्तर मी निःसंकोचपणे ‘अनेक’ असे देईन. अंतर दुप्पट झाले की जमिनीवर पोहोचणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. चहूबाजूंना सारखा पसरणारा २०० लुमेनचा कंदील एका मीटरवर सुमारे १६ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) देतो, दोन मीटरवर ४ आणि चार मीटरवर फक्त १. एकाच दिव्याने सगळे आवार उजळायचे ठरवले की त्याच्याजवळ बसलेले दिपून जातात आणि दूरचे अंधारात राहतात. आपल्या पंगतीत नेमके हेच घडले. त्याऐवजी दीडशे-दोनशे लुमेनचे दोन कंदील घ्यावेत, एक चुलीपाशी आणि एक पंगतीपाशी, आणि ते डोळ्यांच्या रेषेत न टांगता एक तर डोक्याच्या वर किंवा सरळ जमिनीवर ठेवावेत.

किड्यांसाठी रंग महत्त्वाचा आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो आणि त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप; आकडा जितका मोठा तितकी छटा निळसर. ६,५०० केल्विनच्या ‘कूल’ दिव्यात निळा भाग बराच शिल्लक राहतो आणि किड्यांचे डोळे अतिनील व निळ्या प्रकाशालाच अधिक भुलतात. २,७०० ते ३,००० केल्विनचा पिवळसर दिवा घेतल्यास किडे थांबणार नाहीत, परंतु आमटी वाचेल. शिवाय पंगतीचा दिवा पातेल्यांच्या थेट वर टांगू नये, दोन हात बाजूला टांगावा.

पाण्यापासून संरक्षणाचे म्हणाल, तर डिसेंबरात दवापुरते आयपीएक्स-४ (उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी) पुरेसे आहे. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा दिवा. तो विहिरीत पडण्याची शक्यता असलेल्यांनी घ्यावा. सौर कंदिलाच्या नादी लागू नये, तळहाताएवढ्या पॅनेलवर तो दिवसभरात पुरता भरतही नाही. इमर्जन्सी दिव्यात शिशाची बॅटरी असते आणि ती कित्येक वर्षे चार्ज न करता ठेवली असेल तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट साचून ती निकामी झालेली असणार. तिचे ओझे एसटीत वाहू नये.

खाडीकाठची (बेलापूर)

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु आपल्या आईंचा विचार त्यात राहून गेला. माझ्या सासूबाईंना घेऊन आम्ही तीन वेळा असे राहिलो आहोत आणि माझ्या मते साठ पावलांची ती वाट हाच तुमचा खरा प्रश्न आहे.

हेडटॉर्चचा प्रकाश डोळ्यांच्याच रेषेतून जातो, त्यामुळे खड्ड्यांच्या आणि दगडांच्या सावल्या आपल्याला दिसत नाहीत आणि जमीन सपाट भासते. हीच विजेरी कमरेच्या उंचीवर हातात धरली की प्रत्येक ढेकळाची सावली पुढे पडते आणि पाऊल कुठे टाकायचे ते कळते. सासूबाईंनी हेडटॉर्च एकदाच लावला. त्या ज्याच्याशी बोलत, त्याच्या डोळ्यांत उजेड जाई आणि समोरचा मान फिरवी, म्हणून त्यांनी तो काढून ठेवला. नंतर आम्ही त्यांना मनगटात दोरी अडकवण्याची लहान विजेरी दिली, आणि वाटेवर वीस-वीस पावलांवर दुधाच्या पांढरट बाटल्यांमध्ये मंद दिवे ठेवले. त्या बाटल्यांनी वाट दाखवली आणि डोळ्यांना त्रासही झाला नाही. थंडीत सापांचा वावर कमी असला तरी घोणस, फुरसे आणि मण्यार हे रात्री हिंडणारे साप आहेत, तेव्हा दहा पावले जायचे असले तरी कोणीही उजेडाशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकू नये.

गॅसबत्तीबाबत मात्र ठाम नकार. लोकलमधून रॉकेल नेण्यास कायद्याने बंदी आहे. त्यातून ती नेलीच तरी एसटीच्या धक्क्यांनी तिचा मॅन्टल (उजेड देणारी नाजूक जाळी) टिकणार नाही, आणि मुलांनी थंडी वाजते म्हणून ती तंबूत ओढली तर नायलॉनचे कापड पेटण्याचा आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा धोका आहे. वडिलांची आठवण घरीच सुरक्षित राहील. दिवाळीत गच्चीवर लावा, मुले तिचा फुसफुसणारा आवाज ऐकून खूश होतील.

मृगशीर्ष (नवी मुंबई)

दिवे विकत घेण्यापूर्वी दिनदर्शिका पाहावी. संकष्टीच्या जवळची रात्र असेल तर साडेआठ-नऊनंतर चंद्र वर येतो आणि जेवणानंतरचा दिवा बहुतेक अनावश्यक ठरतो. अमावास्येच्या आसपास जात असाल तर मुरबाडच्या आकाशात कृत्तिका आणि मृग नक्षत्र ठाण्यातून कधीच दिसत नाहीत इतके स्पष्ट दिसतील, मात्र दिवे मालवले तर. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती सगळी मेहनत क्षणात वाया जाते. हेडटॉर्चमध्ये लाल दिव्याची सोय नसेल तर मुलांच्या हस्तकलेच्या पेटीतला लाल जिलेटीन कागद दुहेरी करून रबराने बांधावा.

जुना भटक्या (ठाणे)

सगळे मंद दिव्यांच्या बाजूने बोलत आहेत म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. अकरा माणसांच्या गटात लांबवर झोत टाकणारी एक विजेरी हवीच. एखादे मूल हाक मारूनही ओ देत नसेल किंवा बांधापलीकडे काही खसफसले असेल, तेव्हा दीडशे लुमेनचा कंदील काहीही कामाचा नाही. ती विजेरी एकाच जबाबदार माणसाकडे असावी, मुलांच्या हाती देऊ नये आणि प्रवासात तिचे मागचे झाकण पाव फेरा सैल करून ठेवावे. सॅकमध्ये कपड्यांच्या दाबाने बटण दाबले जाऊन आमची विजेरी माळशेजला पोहोचेपर्यंत रिकामी झाली होती, आणि तिच्याभोवतीचा टॉवेल चांगलाच गरम लागत होता.

काही विजेऱ्यांत जांभळा, म्हणजे अतिनील, दिवा असतो. तो निव्वळ शोभेचा नाही. त्या प्रकाशात विंचू हिरवट चमकतात, म्हणून सकाळी पायात घालण्यापूर्वी बूट झटकून त्यात एकदा तो मारून पाहावा.

उपवनकर (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांनुसार दोन पिवळसर कंदील, एक झोताची विजेरी आणि मनगटाला अडकवण्याच्या तीन लहान विजेऱ्या घेतल्या. एकूण खर्च ३,६५० रुपये झाला. काल रात्री सोसायटीच्या गच्चीवरचे दिवे मालवून सगळे पारखून पाहिले. आईने स्वतः साठ पावले मोजून बाटल्या मांडल्या आणि दोन बाटल्या पुरतात, तिसरी शौचालयाच्या दारात ठेवावी, असा बदल सुचवला.

दोन अडचणी मात्र उरल्या आहेत. एक कंदील टाइप-सी छिद्राचा असूनही मोबाइलच्या नव्या चार्जरवर चार्ज होत नाही, आणि दुधाच्या बाटलीसाठी घेतलेला लहानसा यूएसबी दिवा पॉवर बँकेला लावला की अर्ध्या मिनिटात विझतो. वस्तू बदलून घ्याव्यात का?

पांडवकडा (खारघर)

बदलण्याची गरज नाही. स्वस्त कंदिलात टाइप-सी छिद्रामागे दोन छोटे रोध (रेझिस्टर) बसवायचे असतात ते पुष्कळदा वगळलेले असतात. त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर नव्या चार्जरला समोर काही जोडले आहे हेच कळत नाही. एका टोकाला जुने चपटे यूएसबी असलेली केबल वापरावी, कंदील लगेच चार्ज होऊ लागेल. तशी एक केबल जास्तीची जवळ ठेवा, कारण तिथे ती एकच हरवली तर कंदीलही गेला.

दुसरी अडचण पॉवर बँकेची आहे. फार कमी विद्युतप्रवाह ओढला गेला की मोबाइल पूर्ण चार्ज झाला असे समजून ती बंद होते. काही पॉवर बँकांवर बटण दोनदा दाबले की कमी प्रवाहाची सोय सुरू राहते, ते आधी करून पाहा. ते जमले नाही तर त्याच पॉवर बँकेच्या दुसऱ्या छिद्रात मोबाइल लावून ठेवा, म्हणजे दिवाही चालू राहील. परंतु १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-तास, आणि त्यातले प्रत्यक्षात तीसेकच हाती लागतात, तेव्हा पहिल्या रात्री मुलांचे मोबाइल त्यावर लावू देऊ नका.

खाडीकाठची (बेलापूर)

बाटल्यांसाठी पॉवर बँक अडकवून ठेवण्यापेक्षा दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या छोट्या दिव्यांची माळ घ्या आणि तीच बाटलीत कोंबा. परत आल्यावर सेल आठवणीने काढून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी पेटी उघडाल तेव्हा ते पाझरलेले सापडतील. आणि आईंच्या विजेरीची दोरी लांब असेल तर गाठ मारून आखूड करा, वाकताना ती पायात येते.